व्हीलचेअरवरून एकट्याने थीम पार्कची सहल : नियोजन कसे करावे

मंडळाची सहल दरवर्षी निघते. बस येते, नावे वाचली जातात, वडापाव वाटले जातात. व्हीलचेअर वापरणारे आपले काही सभासद मात्र त्या यादीत सहसा नसतात. बसच्या तीन उंच पायऱ्या हे त्याचे एक कारण. दुसरे असे की त्यांना कुठेही जायचे म्हटले की पहिला प्रश्न "सोबत कोण?" हाच येतो आणि बोलणे तिथेच संपते.

माझी भाची एकोणतीस वर्षांची आहे. अपघातानंतर कमरेखालची हालचाल गेली, हात उत्तम चालतात. येथील एका कारखान्याच्या कार्यालयात ती हिशेबाचे काम पाहते. तिला थीम पार्कला जायचे होते, तेही एकटीने आणि एक मुक्काम करून. "मामा, सोबत कोण हे सोडून दुसरं काहीतरी विचार ना," असे ती म्हणाली तेव्हा आम्ही दोघे कागद-पेन घेऊन बसलो. त्या तयारीतून जी माहिती जमली ती इथे देत आहे. व्हीलचेअर वापरणाऱ्या सभासदांना ती उपयोगी पडेल आणि त्यांच्या घरच्यांना तर जास्तच.

उदाहरण म्हणून इमॅजिका घेतले आहे. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे (तालुका खालापूर, जिल्हा रायगड) एप्रिल २०१३ मध्ये हे पार्क सुरू झाले. सिल्वासाहून एका दिवसात गाडीने आरामात पोचता येईल असे मोठे थीम पार्क हेच. आपल्या पिढीचे एस्सेलवर्ल्ड १९८९ चे, ते २०२२ मध्ये बंद झाले. तिथे जायचे तर मार्वेहून किंवा गोराईच्या खाडीवरून लाँच पकडावी लागे. खुर्चीसह लाँचमध्ये चढणे कसे झाले असते, याचा विचार तेव्हा आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

सगळा हिशेब ट्रान्सफरचा

व्हीलचेअरमधून उठून दुसऱ्या आसनावर बसणे, मग ते गाडीचे सीट असो, कमोड असो, पलंग असो की राइडची खुर्ची, याला फिजिओथेरपीवाले ट्रान्सफर म्हणतात. (बँकेत मी छत्तीस वर्षे ट्रान्सफर या शब्दाला घाबरलो. तिथे निदान ती तीन वर्षांतून एकदा यायची.) प्रत्येक ट्रान्सफरला खांद्यांची ताकद लागते, घसरण्याचा धोका असतो आणि दमल्यावर तो धोका वाढतो. एकट्याने जाणाऱ्याचे नियोजन म्हणजे बहुतांशी दिवसभरात किती ट्रान्सफर होतील, त्यातल्या किती स्वतःला जमतात आणि किती ठिकाणी मदत लागेल, हे आधी मोजणे. जोडीला घरचे माणूस असले की हा हिशेब कोणी करत नाही, कारण ते माणूस उचलून घेते.

भाचीने फिजिओथेरपिस्टशी बोलून स्वतःची मर्यादा दिवसाला वीस अशी ठरवली. ही तिची मर्यादा आहे, प्रत्येकाची वेगळी असेल. मग आम्ही पार्कमधल्या दिवसाचा जमाखर्च मांडला. पलंगावरून उठणे, सकाळचे आवरणे, रात्री पलंगावर जाणे आणि रात्रीतून एकदा बाथरूम, मिळून सहा. दिवसात तीनदा स्वच्छतागृह, प्रत्येक वेळी दोन, म्हणजे आणखी सहा. उरल्या आठ. एका राइडला दोन ट्रान्सफर, चढताना एक आणि उतरताना एक. म्हणजे राइड चार. तिकीट घेतल्यावर वीस राइड करून पैसे वसूल करायचे हा आपला मध्यमवर्गीय हिशेब इथे चालत नाही. चार निवडायच्या आणि बाकी वेळ मिरवणूक, खेळ, खाणे आणि नुसते भटकणे यात घालवायचा. तिला हे जमले, मला जमले नसते.

हा कागद तयार झाल्यावर तिच्या आईचीही बरीच काळजी कमी झाली. तोपर्यंत भीती "काही झालं तर?" अशी मोघम होती. नंतर ती "हॉटेलच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी धरायला दांडा आहे का?" अशी झाली, आणि या प्रश्नाला फोन करून उत्तर मिळते.

कागदपत्रे

यूडीआयडी कार्ड काढलेले नसेल तर आधी ते काढावे. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडून होते. आपल्याकडे त्यासाठी विनोबा भावे नागरी रुग्णालयात चौकशी करावी. कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो : ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि त्यावर निळा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. कार्डाची एक प्रत फोनमध्ये आणि एक खुर्चीच्या पिशवीत ठेवावी.

रेल्वेची सवलत चांगली आहे. सेकंड, स्लीपर, थ्री एसी आणि एसी चेअर कारला ७५ टक्के, फर्स्ट आणि टू एसीला ५० टक्के, आणि तेवढीच एका मदतनिसालाही. मात्र अस्थिव्यंगासाठीच्या नियमातली भाषाच "सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारी व्यक्ती" अशी आहे. एकट्याने निघालेल्या माणसाला फॉर्म भरताना ते वाक्य टोचते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचाही गोंधळ होऊ शकतो. म्हणून आरक्षणाच्या आधीच वापीला जाऊन सगळे विचारून घ्यावे.

कायदा आपल्या बाजूचा आहे हे माहीत असावे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातली सुगम्यतेची कलमे खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू होतात. सार्वजनिक जागी किमान काय हवे, याची मापे केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत आहेत : दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, उतार एकास बारा. म्हणजे सहा इंचांची एक पायरी असेल तर रॅम्प सहा फूट लांब हवा. कित्येक ठिकाणी दीड-दोन फुटांची फळी टाकून "रॅम्प आहे" असे सांगतात. त्या उतारावरून एकट्याने खुर्ची चढवता येत नाही आणि उतरताना ती पुढे कलंडते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना अशा मापदंडांना नुसत्या शिफारशी म्हणून ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले आणि सक्तीचे नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

एकट्याने प्रवास करण्याच्या हक्काबद्दल याआधीचा महत्त्वाचा निकाल जीजा घोष यांचा आहे. कोलकात्याच्या या कार्यकर्त्या २०१२ मध्ये एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवण्यात आले. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. मे २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

सिल्वासा ते खोपोली

सिल्वासाला रेल्वे नाही, स्टेशन वापी. रेल्वेने गेल्यास वापी ते बोरिवली फ्लाइंग राणी किंवा तशी एखादी गाडी आणि पुढे टॅक्सी. सरळ रस्त्याने गेल्यास भिलाड, तलासरी, मनोर, घोडबंदर, ठाणे, पनवेल आणि मग एक्स्प्रेसवे.

दोन्हींचा हिशेब असा. रस्त्याने : घरून गाडीत एक, वाटेत एकदा स्वच्छतागृहासाठी चार (गाडी ते खुर्ची, खुर्ची ते कमोड आणि तेच उलटे), पोचल्यावर एक, एकूण सहा. रेल्वेने : टॅक्सीत, टॅक्सीतून, डब्यात, डब्यातून, पुन्हा टॅक्सीत, पुन्हा बाहेर अशा सहा, आणि बोरिवलीला स्वच्छतागृहाच्या दोन धरून आठ. फरक दोनच दिसतो, पण रेल्वेच्या आठांपैकी दोन फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीवरून करायच्या असतात, तेही वापीसारख्या थोडा वेळ थांबणाऱ्या स्टेशनवर. तिथे हमाल खुर्चीसकट किंवा खुर्चीतून माणसालाच उचलतात. मुंबईच्या विराली मोदी यांनी २०१७ मध्ये रेल्वेविरुद्ध जी ऑनलाइन मोहीम चालवली, तिचा विषय हाच होता : डब्यात चढवताना हमालांनी केलेला नकोसा स्पर्श. एकट्या जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा मुद्दा घरात मोकळेपणाने बोलावा, संकोच करू नये. रेल्वेनेच जायचे असेल तर १३९ वर आणि स्टेशन मास्तरांना आधी कळवावे आणि दिव्यांगांचा डबा गाडीच्या कोणत्या टोकाला येतो ते विचारून तिथे अगोदर जाऊन थांबावे.

माझे मत रस्त्याच्या बाजूने आहे. खर्च जास्त येतो हे खरे. सगळ्या सहलीत टॅक्सीचीच रक्कम सर्वांत मोठी होती.

टॅक्सी ठरवताना बहुतेक जण एक गोष्ट विचारायला विसरतात : डिकीत सीएनजीची टाकी आहे का? आपल्याकडच्या आणि मुंबईच्या निम्म्याअधिक भाड्याच्या गाड्या सीएनजीच्या. टाकी असली की घडी घातलेली खुर्चीही डिकीत बसत नाही, मग ती वर कॅरियरला दोरीने बांधतात आणि चाकांच्या तारा वाकतात. पेट्रोल किंवा डिझेलची गाडी सांगावी. सीटची उंची खुर्चीच्या गादीएवढी असलेली गाडी सोयीची. उंच एसयूव्ही दिसायला ऐटदार असते, पण तिच्यात चढायला उचलून घ्यावे लागते.

मुक्काम

पार्कला लागूनच २०१५ पासून हॉटेल आहे. खोपोली, लोणावळा भागात स्वस्त पर्याय पुष्कळ आहेत. पण जवळ राहिल्याने रोजच्या दोन गाडीफेऱ्या, म्हणजे चार ट्रान्सफर वाचतात. त्या चारांत दोन राइड होतात.

हॉटेलला "व्हीलचेअरची सोय आहे का?" असे विचारू नये. उत्तर नेहमी "हो" असते आणि त्याचा अर्थ लिफ्ट आहे एवढाच निघतो. एका हॉटेलने आम्हाला फोनवर सगळे आहे म्हणून सांगितले. फोटो मागवला तर बाथरूमच्या दाराला चार इंचांचा उंबरठा आणि दार आतल्या बाजूला कमोडवर आपटणारे. म्हणून बाथरूमच्या दाराची रुंदी टेप लावून मोजायला सांगावी आणि टेपसकट फोटो मागवावा. कमोडच्या एका बाजूला खुर्ची उभी राहील एवढी जागा, पलंगाची उंची, शॉवरखाली बसायला पक्के स्टूल या गोष्टीही तशाच विचाराव्यात. प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर सरकते. मिळालेले उत्तर ईमेलवर घ्यावे. बँकेतली सवय म्हणा, पण तोंडी मंजुरीवर कर्ज देत नाहीत तशी तोंडी हमीवर खोलीही घेऊ नये.

पार्क आणि राइड

पार्कला निदान आठवडाभर आधी ईमेल करावा. स्वतःविषयी स्पष्ट लिहावे : "मी एकटी येणार आहे. हातांच्या आधाराने खुर्चीतून तेवढ्याच उंचीच्या सीटवर स्वतः जाऊ शकते. उभी राहू शकत नाही. पायऱ्या चढू शकत नाही. धड आणि मान सरळ धरू शकते." मग कोणत्या राइडला हे चालेल ते विचारावे. हा मजकूर महत्त्वाचा अशासाठी की बहुतेक पार्कांत कर्मचारी पाहुण्याला उचलून बसवत नाहीत. स्वतः बसा किंवा तुमचा सोबती बसवेल, असा नियम असतो. एकट्याने जाणाऱ्याचा प्रश्न इथेच अडतो, आणि तो दारावर अडण्यापेक्षा ईमेलवर अडलेला बरा.

काही राइडना नकार मिळेल. नकाराचे कारण समजून घ्यावे, कारण ते नेहमीच आडमुठेपणा नसते. रोलर कोस्टर उंचावर मध्येच बंद पडला तर प्रवाशांना बाजूच्या अरुंद जिन्याने चालत खाली आणतात. ज्याला चालता येत नाही त्याला तिथून उतरवणे फार अवघड. शिवाय अडकवलेली दांडी मांड्या आणि खांदे धरते, पण मान आणि कंबर स्वतःलाच सावरावी लागते. "नायट्रो"सारख्या कोस्टरला पायाखाली फरशीच नसते, पाय लोंबकळतात. पायांवर ताबा नसेल तर ते आपटू शकतात, आणि संवेदना नसेल तर लागल्याचे कळतही नाही. उंचावरून सोडणारा "डीटू" आणि झोके देणारी "स्क्रीम मशीन" यांनाही हाच विचार लावावा.

पडद्यासमोर बसून अनुभवायच्या राइड ("मिस्टर इंडिया", "आय फॉर इंडिया") आणि अंधारातून डब्यात बसून जाणारी "अलीबाबा" यांसारख्या राइडमध्ये सीटची उंची आणि हाताला धरायला काय आहे, हे विचारावे. आसन हलणारे असल्याने पट्टा नीट बसतो का तेही पाहावे. होडीच्या राइड, उदाहरणार्थ "राजासॉरस", फसव्या असतात. होडीचा तळ फलाटापेक्षा खाली असतो, त्यामुळे आत उतरणे सोपे आणि वर येणे कठीण. उतरताना कसे यायचे याचे उत्तर मिळाल्याशिवाय आत बसू नये. "सालिमगढ"सारखा चालत पाहण्याचा भुताचा महाल असेल तर आतल्या वळणांची रुंदी आणि पायऱ्या विचाराव्यात.

आणखी एक गोष्ट. राइडचे प्रवेशद्वार आणि बाहेर पडायचे दार वेगवेगळे असते. आपण आत गेल्यावर खुर्ची कोण आणि कुठे ठेवणार? "माझी खुर्ची बाहेरच्या दाराशी आणून ठेवा" हे बसायच्या आधी सांगावे. खुर्चीवर नाव आणि फोन नंबर चिकटवावा. पैसे, फोन आणि कार्ड कमरेच्या पाऊचमध्ये असावेत. जड पिशवी खुर्चीच्या पाठीला टांगू नये. आपण सीटवर सरकलो की रिकामी खुर्ची त्या वजनाने मागे कोसळते.

अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे २०१० मध्ये "मॉर्गन्स वंडरलँड" नावाचे पार्क सुरू झाले. गॉर्डन हार्टमन यांनी ते आपल्या दिव्यांग मुलीच्या नावाने उभारले. तिथल्या पाळण्यात खुर्चीसकट जाता येते, म्हणजे ट्रान्सफर शून्य. दिव्यांगांना प्रवेश मोफत. २०१७ मध्ये त्यांनी शेजारी वॉटर पार्क काढले आणि तिथे बॅटरीऐवजी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या, पाण्यात चालतील अशा खुर्च्या ठेवल्या. अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या सभासदांनी जमल्यास पाहून यावे आणि फोटो आणावेत.

शरीराची काळजी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. खोपोलीचा पाऊस जोरदार, आणि ओल्या फरशीवर खुर्चीचे ब्रेक नीट धरत नाहीत. एप्रिल-मेचे ऊन मणक्याच्या इजेच्या लोकांना जास्त बाधते. इजेच्या खालच्या भागाला घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग तापत राहते. टोपी, पाण्याचा फवारा आणि ओला पंचा जवळ असावा.

लघवीच्या भीतीने पाणी कमी पिणे ही खुर्ची वापरणाऱ्यांची जुनी सवय. घरचेही "कमी पी, म्हणजे प्रश्नच नाही" असे सांगतात. तसे करू नये. पाणी प्यावे आणि स्वच्छतागृहाच्या वेळा घड्याळाने ठरवाव्यात. कॅथेटर आणि पिशव्या लागतील त्याच्या दुप्पट न्याव्यात.

ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर आहे त्यांना आणखी एक धोका असतो. मूत्राशय भरल्याने किंवा कपडा, पट्टा आवळल्याने रक्तदाब अचानक चढतो, डोके फुटायला आल्यासारखे दुखते, चेहरा लाल होतो. अशा वेळी ताठ बसावे, पट्टे सैल करावेत, कॅथेटर अडकला आहे का पाहावे आणि तरीही उतार पडला नाही तर १०८ ला फोन करावा. हे लक्षण लहान दवाखान्यात चटकन ओळखले जात नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून मराठीत आणि इंग्रजीत चार ओळींचे कार्ड लिहून घेऊन गळ्यात ठेवावे.

दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलावे. राइडची सीट फायबरची आणि टणक असते. स्वतःची गादी भिजू नये म्हणून प्लॅस्टिकचे आवरण न्यावे, कारण फोमची गादी भिजली की दोन दिवस वाळत नाही.

मदत आणि घरची मंडळी

एकट्याने जाणे म्हणजे कोणाचीच मदत न घेणे असे नाही. मदत करणाऱ्याला काय करायचे ते आपण सांगायचे, एवढाच फरक. उत्साही माणसे खुर्चीला हात घालतात तो हातटेकूला किंवा पावटेकूला, आणि ते निघून हातात येतात. "मागच्या दोन मुठी धरा आणि पुढे चाकाजवळचा पाइप धरा" असे स्पष्ट सांगावे. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, पाठ खाली करून उतरवायला सांगावी.

जायच्या आधी एक रंगीत तालीम करावी. भाची एका रविवारी दादऱ्याच्या वनगंगा उद्यानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटी होती. जेवण, स्वच्छतागृह, रिक्षा सगळे स्वतः. तिची आई त्या दिवशी तीनदा मला म्हणाली, "दादा, एक चक्कर मारून येऊ या का?" आम्ही गेलो नाही.

घरच्यांनी फोनच्या वेळा ठरवून घ्याव्यात. सकाळी निघताना, दुपारी जेवताना, रात्री खोलीत आल्यावर. मधल्या वेळात फोन करू नये. राइडमध्ये असताना पाऊचमधला फोन वाजत राहिला की मजा जाते आणि उचलायला गेले तर तोल जातो. ज्यांना यावर विचार करायचा असेल त्यांनी कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे "चाकाची खुर्ची" हे आत्मचरित्र वाचावे. ऐन तारुण्यात पायांची शक्ती गेल्यावर त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था सुरू केली.

तक्रार करायची झाल्यास

जागेवर वाद घालण्यात दिवस घालवू नये. व्यवस्थापकाचे नाव, वेळ आणि नकाराचे कारण लिहून घ्यावे, शक्य तर फोटो काढावा. आधीच्या ईमेलमध्ये होकार असेल तर तो दाखवावा. अर्धी कामे तिथेच होतात. नाहीच झाले तर परत आल्यावर पार्कला लेखी कळवावे आणि मग राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करावा. महाराष्ट्राचे आयुक्तालय पुण्याला आहे. कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या उल्लंघनांना पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

परतीचा दिवस मोकळा ठेवावा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही रजा घ्यावी. खांदे दोन दिवस दुखतात. घरी आल्यावर लांब दांड्याच्या आरशाने मांड्या, बूड आणि टाचा नीट पाहाव्यात. लाल डाग दिसला तर त्या जागेवरचा भार काढावा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. तो तसाच असेल तर तिथे भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.